जावयाचं घड्याळ

सिओक केंगच्या मनगटावर कधीच घड्याळ नसे. आयुष्यभर दुसऱ्यांची घड्याळं विकली आणि हिचा हात मोकळा, याची गिऱ्हाइकांना गंमत वाटायची. कुणी विचारलं की ती म्हणायची, "काउंटरवर हात मोकळाच पाहिजे. बांगडी घाला, घड्याळ घाला, तुमच्याच मालावर ओरखडा पडणार." हे खरंच होतं. पण रोज हाताळायची ती घड्याळं तिला परवडणारी नव्हती, आणि परवडणारी होती ती तिला नकोशी वाटायची, हेही तितकंच खरं होतं. ते ती कुणाला सांगत नसे.

सिंगापूर नदीच्या अलीकडे एक जुना मॉल आहे. त्याच्या तळमजल्यावर वापरलेल्या भारी घड्याळांची दुकानं एकमेकांकडे तोंड करून बसली आहेत. त्यातलंच एक मिस्टर यो यांचं. केंग तिथे कॅश सांभाळायला म्हणून लागली तेव्हा तिची हुई मिन बालवाडीत होती. आता हुई मिन पर्थला संसार करत होती आणि केंगशिवाय मिस्टर यो यांचं पान हलत नव्हतं. ते दुपारी जेवायला म्हणून जायचे ते बहुधा परतायचेच नाहीत. माल घ्यायचा की नाही, केवढ्याला घ्यायचा, ते केंग ठरवायची. समोरच्या दुकानातलेसुद्धा कधीकधी एखादं घड्याळ रुमालात गुंडाळून तिच्याकडे आणत. "केंग, जरा बघ गं." ती भिंग डोळ्याला लावायची, अन् ती जे म्हणेल ते त्या गल्लीत शेवटचं असायचं. केंगने बघितलंय, म्हणजे बघितलंय. हीच तिची सगळी कमाई. सरकारी इमारतीतलं तीन खोल्यांचं घर होतं, टॅक्सी चालवणारा नवरा होता, पण मान होता तो या एका शब्दाला.

पहिल्यांदा घ्यायला येणाऱ्यांना ती रागावल्यासारखंच शिकवायची.

"आधी विकणाऱ्याचं तोंड बघा, मग घड्याळाचं. तुम्ही प्रश्न विचारल्यावर जो चिडतो त्याच्याकडून फुकटसुद्धा घेऊ नका. आता हे बघा, तबकडीवरचे ठिपके साईसारखे पिवळट झालेत. मग काटे का पांढरेफटक? कारण काटे बदललेत. नवराबायको बरोबर म्हातारे व्हायला पाहिजेत. पट्टा आडवा धरा. म्हाताऱ्याच्या ओठासारखा लोंबला तर समजा खूप वापरलंय. चावी फिरवून बघा, डबीच्या झाकणासारखी आपोआप आटे पकडते का? पाठीवरचा नंबर आणि कागदावरचा नंबर एकच आहे का? आणि सगळ्यात शेवटी इथे बोट फिरवा, पट्टा अडकतो त्या खांद्यांवर. कड टोचली पाहिजे. टोचली नाही तर समजा कुणीतरी पॉलिश मारलंय."

"पण मग ते छान चमकतं ना, आंटी?" असं कुणीतरी विचारायचंच.

"चमकतं. पॉलिश म्हणजे काय वरून लावतात असं वाटतं तुम्हाला? पोलाद खरवडून काढतात. एकदा गेलेला खांदा देव आला तरी परत येत नाही. ओरखडे असू द्या. ओरखडे म्हणजे त्याचं वय आहे."

हे ती इतकं मनापासून सांगायची की माणसं ओरखडे पडलेलं घड्याळ घेऊन आनंदाने घरी जायची.

केंगला एक धाकटी बहीण होती. तिचं नाव सिओक लुआन, पण कॉन्व्हेंटमध्ये गेल्यावर तिने स्वतःचं नाव डोरीन ठेवलं आणि सगळ्यांनी ते मुकाट्याने मानलं. केंगला कॉन्व्हेंट मिळालं नव्हतं. ती शाळेतून आली की बापाच्या मासळीच्या टपरीवर बर्फ फोडायची. हात असे रुंद झाले ते तिथेच. आई गेली तेव्हा तिची हिरव्या जेड दगडाची बांगडी दोघींनी घालून पाहिली. केंगच्या मुठीवरून ती उतरेना. साबण लावला, तेल लावलं. डोरीनच्या हातात मात्र ती नुसती सरकली. "हिच्या हाताला काहीही शोभतं," मावशी म्हणाली. केंगही म्हणाली, "खरंच, तुलाच शोभते." ती बांगडी डोरीनच्या हातात किणकिणली की केंगला अजून खुपायचं. बांगडीचं नव्हतं दुःख. डोरीनला काही मागावं लागायचं नाही, त्याचं होतं. मागायच्या आत वस्तू तिच्याकडे चालत यायची, आणि बहुतेक वेळा केंगच्या हातूनच जायची.

आता डोरीनच्या मुलीचं, शेरिलचं, लग्न ठरलं होतं. मुलगा टेरेन्स क्वेक, शिक्षणाने वकील, जहाजांना माल पुरवणाऱ्या घराण्यातला. डोरीन त्यातलं एकेक बारकाईने सांगायची, अन् केंग "हो का, अगं बाई" करत राहायची. हुई मिनने पर्थला नोंदणी करून लग्न केलं होतं. फोनवर फोटो पाठवला, त्यात दोघं जीन्समध्ये. ना मुलाकडच्या टोपल्या, ना संत्री, ना सोनं, ना मुलीकडून परतीच्या भेटी. "आई, असल्या गोष्टींत कशाला वेळ घालवायचा?" केंगने शेजारणींना तो फोटो दाखवलाच नाही.

एके दिवशी दुपारच्या आधीच डोरीन दुकानात आली. मिस्टर यो तेव्हा तिथेच होते.

"आचे," डोरीन म्हणाली. थोरल्या बहिणीला ती लहानपणापासून असंच हाक मारायची. "आचे, मला तूच हवीस. मुलाकडचे मोठ्या भेटी घेऊन येणार ना, त्या दिवशी परतीच्या भेटीत जावयाला घड्याळ द्यायचंय. टेरेन्सने शेरिलला हळूच सांगितलंय, त्याच्या जन्मसालातलं असेल तर आवडेल म्हणून. त्र्याण्णवचं. आता मला सांग, माणूस नवं सोडून जुनं का मागेल?"

"फॅशन आहे हल्ली," केंग म्हणाली. "पण त्या सालचं चांगलं मिळणं अवघड."

मिस्टर यो वर्तमानपत्रातून डोकं वर काढून म्हणाले, "अवघड काय? अगं, ते तिजोरीतलं आहे ना तुझं. तिला दाखव की."

केंगच्या कानशिलाला चटका बसल्यासारखं झालं.

ते घड्याळ एका निवृत्त जहाज इंजिनियरने आणून विकलं होतं. एकाच हातात राहिलेलं, जिनिव्हाचं, पोलादी, काळ्या तबकडीचं. ठिपके आणि काटे सारख्याच रंगाने पिकलेले, दुधाळ कॉफीसारखे. अंगावर इंजिनरूमचे ओरखडे, पण खांदे? बोट फिरवलं तर कातडी सोलवटावी असे. कुणी कधी पॉलिशच्या चाकाला लावलेलंच नव्हतं. असं घड्याळ केंगने इतक्या वर्षांत क्वचितच पाहिलं होतं. तिने ते काचेच्या कपाटात मांडलंच नाही. तिजोरीत मागे ठेवलं. रोज सकाळी दुकान उघडल्यावर, कॉफी पिण्याआधी, ती ते काढून उजेडात धरायची, कडेवरून बोट फिरवायची आणि परत ठेवायची. मिस्टर योंना म्हणायची, "भाव चढू दे." ते समजून उमजून हसायचे.

आता तिने ते काढून डोरीनपुढच्या मखमलीवर ठेवलं. डोरीनने उचललं, मनगटाला लावलं, बांगडी किणकिणली.

"मस्तच आहे. आचे, तू माझ्यासाठीच ठेवलं होतंस की काय?"

मिस्टर यो हसले. बहिणीबहिणींचा मामला म्हणून त्यांनी भावही कमी केला आणि जेवायला निघून गेले.

"फक्त हे," डोरीन नखाने ओरखड्यांवर टकटक करत म्हणाली. "लाल ताटात ठेवायचंय. त्याची आत्या येणार आहे, ती काय एकेक वस्तू उलटीपालटी करून बघणारी बाई आहे! त्या दिवशी सगळं कोरं करकरीत लागतं. ओरखडे बघून म्हणेल, यांनी जावयाला जुनं टिकवलं. याचं काही करता येतं का गं?"

केंगने घड्याळ हातात घेतलं. उत्तर तिच्या जिभेवर होतं. ते रोज पाचपंचवीस वेळा ती म्हणायची. अनोळखी पोरांना रागावून सांगायची. इथे तिची सख्खी बहीण विचारत होती. एवढंच म्हणायचं होतं, अगं वेडे, याला हात लावू नकोस, ज्याला कळतं तो या ओरखड्यांचेच पैसे देतो.

"शेरिलला सासरहून द्यायचे सोन्याचे चारही दागिने ठसठशीत केलेत हं त्यांनी," डोरीन पुढे बोलत होती. "मी नको म्हणत होते. सासूच म्हणाली, आमच्याकडे पद्धतच आहे. माझं मेलं नशीबच असं, काही बोलावंच लागत नाही."

"पॉलिश करून घे," केंग म्हणाली.

"होतं?"

"आरशासारखं होतं."

"खराब नाही ना होणार? तू म्हणतेस ना?"

"मी म्हणते."

"मग झालं!" डोरीनने सुटकेचा श्वास सोडला. "तू म्हटल्यावर मला बघायला नको."

वरच्या मजल्यावर पॉलिशचं काम करणारा म्हातारा फुआ बसायचा. केंग स्वतः घेऊन गेली. त्याने भिंगातून पाहिलं, मग भिंग काढून तिच्याकडे पाहिलं.

"हे? चाकाला लावायचं?"

"हो."

"केंग, तू सांगतेयस हे? अगं, गेल्या वर्षी एका पोराने असंच आणलं तर तू त्याला माझ्या दारातून परत पाठवलं होतंस."

"गिऱ्हाइकाची इच्छा. लग्नाचं आहे."

"समजाव की गिऱ्हाइकाला."

"फुआ अंकल, करायचंय की खालच्या गल्लीत देऊ?"

फुआने खांदे उडवले आणि चाक सुरू केलं. केंग निघून जाऊ शकत होती. गेली नाही. पिवळट मळ उडत होता, पोलाद तापल्याचा वास येत होता, आणि तिला अगदी आतून बरं वाटत होतं. घे, घे तुला हवं तसं कोरं करकरीत. मग फुआने फडक्याने पुसून घड्याळ पुढे केलं. ते लखलखत होतं. तिने सवयीने खांद्यावरून बोट फिरवलं. बोट घसरलं. साबणाच्या वडीवरून घसरावं तसं. बरं वाटणं तिथेच थांबलं. पण जिना उतरताना तिने मनाशी म्हटलं, त्या घरात कुणाला कळणार आहे?

भेटींच्या दिवशी डोरीनचं घर लाल कागदाने नुसतं भरलं होतं. केंगने सकाळपासून लाल खजुरांचा चहा उकळला, ताटं लावली, जोड्या मोजून ठेवल्या: संत्री जोडीने, मेणबत्त्या जोडीने, कमरेचा पट्टा आणि पाकीट एकमेकांशेजारी. घड्याळ मधोमध. तिचा नवरा बून सेंग टॅक्सी खाली लावून वर आला, संत्र्याची एक फोड तोंडात टाकली आणि तिच्या कानाशी म्हणाला, "तोंड जरा सैल सोड. लग्न आहे, तेरावं नाही."

"गाडी बाजूला काढ आधी, दंड होईल," केंग म्हणाली.

मुलाकडची माणसं आली. टेरेन्स, त्याची आत्या, आणि मागून लाल पेटी उचलून धापा टाकत एक टक्कल पडलेला गृहस्थ. मुलाच्या बापाने या दिवशी यायचं नसतं. "मी नुसता ड्रायव्हर आहे, माझ्याकडे लक्ष देऊ नका," मिस्टर क्वेक म्हणाले तेव्हा सगळे हसले. त्यांच्या हातात रबरी पट्ट्याचं, पोरं पोहायला जाताना घालतात तसलं घड्याळ होतं. केंगने ते पाहिलं आणि तिचा जीव भांड्यात पडला.

सोनं बाहेर निघालं. आत्याने एकेक दागिना शेरिलच्या गळ्याशी धरून दाखवला. डोरीनचे डोळे पाणावले. केंगने दुसरीकडे पाहिलं. तिला जीन्समधला फोटो आठवला. मग परतीचं ताट पुढे आलं. टेरेन्सने घड्याळ उचललं. "त्र्याण्णवचं? खरंच?" त्याने लगेच मनगटावर चढवलं आणि डोरीनला वाकून नमस्कार केला. आत्या म्हणाली, "वा! अगदी कालच केलंय असं वाटतं." डोरीनने केंगकडे विजयाने पाहिलं.

"मला बघू दे," मिस्टर क्वेक म्हणाले.

त्यांनी खिशातून रुमाल काढला, तो तळहातावर पसरला आणि त्यावर घड्याळ घेतलं. केंगच्या हातातला कप थांबला. असा रुमाल पसरणारी माणसं वेगळी असतात. त्यांनी आधी पाठ पाहिली, मग तबकडी. "अरेच्चा," ते पुटपुटले, "हे तर जसंच्या तसं आहे, काटेसुद्धा." त्यांचा चेहरा लहान मुलासारखा उजळला. "हे कुठे मिळालं तुम्हाला? मी दहा वर्षं असं शोधतोय. माझ्याकडे घरी बरीच आहेत, टेरीला हे वेड माझ्यामुळेच लागलं."

"माझ्या आचेनं दिलं!" डोरीनने केंगला दंडाला धरून पुढे ओढलं. "वीस वर्षं याच धंद्यात आहे ती. त्या मॉलमध्ये विचारा कुणालाही."

"असं होय! मग मला यायलाच पाहिजे तुमच्याकडे. काही काढून टाकायची आहेत, पण भरवशाचं माणूस सापडत नाही." बोलता बोलता त्यांनी घड्याळ खिडकीच्या उजेडात तिरकं धरलं आणि अंगठा खांद्यावरून फिरवला.

अंगठा परत फिरला. एकदा, पुन्हा एकदा. चेहऱ्यावरचा उजेड हळूच मालवला.

"हे पॉलिश," ते अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "आधीचंच होतं का?"

"नाही हो," डोरीन आनंदाने म्हणाली, "आत्ताच करून घेतलं. नाहीतर इतके ओरखडे होते ना!"

मिस्टर क्वेकनी डोरीनकडे पाहिलं. मग आत्याकडे, जी कान देऊन ऐकत होती. केंगला सगळं स्पष्ट दिसलं. तिला जे हवं होतं ते एका वाक्यावर येऊन उभं होतं. "हिलाच ओरखडे नको होते" एवढं म्हटलं की झालं. मासळीवाल्याची पोर ती, तिला काय कळणार, असं आत्याच्या कपाळावर उमटलं असतं आणि लग्न होईपर्यंत, लग्नानंतरही, तिथेच राहिलं असतं. पण लगेच दुसरा प्रश्न आला असता: आणि तुम्ही? तुम्ही वीस वर्षं या धंद्यातल्या, तुम्ही काही बोलला नाहीत? त्याचं उत्तर एकच होतं, आणि ते लाल कागदाने भरलेल्या खोलीत उच्चारता येण्यासारखं नव्हतं.

"माझ्याच सांगण्यावरून केलं," ती म्हणाली.

"तुमच्या?"

"हो. लग्नाचं होतं. मला वाटलं, चमकलं पाहिजे."

त्यांनी तिच्याकडे क्षणभर पाहिलं. रागाने नाही. दुकानात केंग स्वतः ज्या नजरेने बदललेल्या काट्यांकडे पाहायची, तशा नजरेने. मग त्यांनी घड्याळ रुमालाने पुसून मुलाला दिलं.

"छान. खूप चमकतंय," ते म्हणाले आणि रताळ्याच्या खिरीच्या वाटीकडे वळले.

मॉलमध्ये येण्याची गोष्ट त्यांनी पुन्हा काढली नाही. निघताना डोरीनने आठवण केली, "आचेचा नंबर घेतलात ना?" तेव्हा ते म्हणाले, "घेईन, घेईन." खाली गाडीपर्यंत त्यांना सोडायला केंगच गेली होती. ते अदबीने झुकले आणि गाडीत बसले.

वर आल्यावर डोरीनने तिच्या गळ्यात हात टाकले. "आचे, सगळं तुझ्यामुळे झालं. आत्या काय म्हणाली ऐकलंस? कालच केल्यासारखं! मी तर तुला विचारल्याशिवाय एक पाऊल टाकणार नाही." आणि केंगच्या हातात तिने लाल पाकीट कोंबलं, मुलाकडच्या केकचा अख्खा डबा दिला, आणखी उरलेली संत्री. केंगने ते सगळं घेतलं. टॅक्सीत डबा तिच्या मांडीवर होता.

"छान झालं ना?" बून सेंगने आरशातून विचारलं.

"तिचं छानच होतं नेहमी," केंग म्हणाली. "आपण तिचं घर जाळायला काडी लावली तरी दिवाळीच होईल तिच्याकडे."

बून सेंग हसला. त्याला वाटलं ती विनोद करतेय.

लग्न झालं. शेरिल नवऱ्याबरोबर जपानला जाऊन आली. मग एका सकाळी, केंगने नुकतंच दुकान उघडलं होतं, सवयीने तिचा हात तिजोरीच्या मागच्या कप्प्याकडे गेला आणि रिकामा परत आला. तेवढ्यात तिला काचेतून मिस्टर क्वेक दिसले. हातात कापडी पिशवी, जड असावी, कारण ती त्यांनी पोटाशी धरली होती. केंगने पटकन काउंटरवरची मखमल सारखी केली. ते तिच्या दारासमोर आले. तिला पाहून थांबले, मुलीकडच्या माणसांना करावा तसा आदराने नमस्कार केला, आणि वळून समोरच्या दुकानात गेले.

तिचा फोन वाजला. डोरीन होती.

"आचे, ऐक ना! टेरी ते घड्याळ झोपतानासुद्धा काढत नाही म्हणे. आणि काल मला आई म्हणाला गं! न सांगता, स्वतःहून! मला तर काय बोलावं कळेना." तिच्या बांगडीचा आवाज फोनमधूनही ऐकू येत होता. "आचे? ऐकतेयस ना?"

"ऐकतेय," केंग म्हणाली.

समोरच्या दुकानात मिस्टर क्वेकनी खुर्ची पुढे ओढली होती. रुमाल पसरून ते पिशवीतून एकेक घड्याळ काढत होते, आणि समोरचा दुकानदार भिंग शोधत घाईने खण उघडत होता.